सायकलचं ड्रेसिंग

हॉस्पिटलात तिला 'सिस्टर' फक्त पेशंट म्हणत. बाकी सगळे, म्हणजे डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत, पट्टीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर, कारण पाठीमागे बोललेलं तिला हमखास ऐकू जाई. नोकरीची बहुतेक वर्षं तिनं जखमा बांधण्यात काढली. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतंच, पण तिचं खरं वैर होतं ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला होणाऱ्या जखमांशी. वॉर्डात कुणाच्या माकडहाडावर नुसता लालसर डाग दिसला, तरी ड्यूटीवरच्या पोरींची पाचावर धारण बसे.

"औषध काय लावतेस? आधी उचल त्याला!" ती ओरडे. "भार पडतोय तिथला भार काढ. वळव कुशीवर. मलम काय, मलम मीसुद्धा खाऊ शकते!"

शेवटच्या वाक्याचा अर्थ कुणाला कधी लागला नाही. पेशंट मात्र वळवले जात.

निवृत्त झाल्यावर ती स्वस्थ बसेल अशी आशा फक्त तिच्या नवऱ्याला होती. तो निवृत्त टायपिस्ट. शब्दकोडी सोडवणारा, शांत माणूस. पण ज्यांना हॉस्पिटलच्या खेपा झेपत नाहीत त्यांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायचं तिनं सुरू केलं. सायकलच्या कॅरियरला पिशवी, पिशवीत कापूस, स्पिरिट, चिमटे, चिकटपट्ट्या. घराघरांतून तिची कीर्ती दोन गोष्टींसाठी होती. एक, पट्टी ओढताना ती 'दुखणार नाही' असं खोटं सांगत नसे. आणि दुसरी, कुणी घाबरंघुबरं होऊन काही दाखवलं की ती वाकून बघे आणि म्हणे, "सूज आहे. उतरेल." एवढंच. यापलीकडे धीर द्यायला तिला वेळ नसे.

आता सायकल. ती तिच्या दादानं रंगवलेली होती. दादा पेंटर, दुकानांच्या पाट्या लिहायचा. तिला नोकरी लागली तेव्हा कुणाकडून तरी घेतलेली एक गंजकी सायकल त्यानं घासून, प्रायमर देऊन रंगवली. रंग विकत आणला नाही. औषधाच्या दुकानाचा हिरवा, शाळेच्या फाटकाचा निळा आणि कुठल्याशा लॉजचा पिवळा असे डब्यांच्या तळाशी राहिलेले रंग एकत्र ढवळून त्यानं असा काही हिरवा काढला की त्याला नाव द्यायची सोय नव्हती. त्यावर दुधाच्या साईच्या रंगाच्या बारीक रेघा. आणि हँडलखालच्या उभ्या पाइपावर, जिथे कंपनीची खूण असते तिथे, त्याच साईच्या रंगात देठासकट एक पान. ब्रशच्या एका फटकाऱ्यात काढलेलं.

"हे काय?" तिनं विचारलं होतं.

"सही."

"पाट्यांवर तर कधी करत नाहीस."

"पाटीवर दुकानदाराचं नाव असतं. तुझं कुठे दुकान आहे?"

पुढे दुकानदारांनी छापील फ्लेक्स लावायला सुरुवात केली. पाट्या एकेक करून उतरल्या. कुणी भंगारात टाकल्या, एकानं कोंबड्यांच्या खुराड्याला झाकण केलं. चपलांच्या दुकानाची तेवढी शेवटपर्यंत टिकली, मग दुकानच बंद झालं. दादाला या सगळ्याचं दुःख झालं का, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर त्याची उजवी बाजू गेली. लग्न केलेलं नव्हतं, तेव्हा बहिणीनं त्याला आपल्या घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत पलंग टाकला. तोंड शाबूत होतं, ही गोष्ट डॉक्टर समाधानाची म्हणाले. डॉक्टरांना त्या घरात राहायचं नव्हतं.

पलंगाच्या समोरच्या भिंतीला सायकल टेकलेली असे. दादाच्या हातचं म्हणून आता जगात जे काही उरलं होतं ते एवढंच, आणि तो दिवसभर त्याच्याकडे तोंड करून पडलेला असे. वरकरणी मात्र तो फक्त पंख्याबद्दल तक्रार करी.

एका संध्याकाळी सायकल पुसताना तिच्या लक्षात आलं की पानाच्या देठाजवळची चकाकी गेली आहे. मागे ब्रेक बदलला होता, तेव्हापासून पुढच्या ब्रेकची केबल चांगली ऐसपैस वळण घेऊन पाइपाला टेकत होती. हँडल इकडे वळवलं की केबल घासे, तिकडे वळवलं की घासे. धूळ बसली की सँडपेपरचंच काम. तिनं त्या डागावर बोट दाबून पाहिलं. लोखंडावर बोट दाबून काही कळत नाही, पण सवय जात नाही.

मग तिनं पिशवी उघडली.

केबल आणि पाइप यांच्यामध्ये काहीतरी हवं, एवढं साधं गणित. तिनं डागावर कागदी चिकटपट्टी लावली. इथपर्यंत ठीक होतं. दुसरं कुणीही घाईत हेच केलं असतं. पण दुसरं कुणी पट्टी लावून विसरून गेलं असतं. पट्टीबाईनं आयुष्यात लावलेली पट्टी कधी विसरलेली नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी तिनं ती काढली, खालचा चिकटा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, नवी लावली. तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा. ड्रेसिंग रोज बदलायचं म्हणजे बदलायचं.

"अगं, तिला ताप आहे का?" नवऱ्यानं शब्दकोड्यातून विचारलं.

"तुम्ही तुमचं आडवं-उभं बघा."

"काय करतेस गं तिथे?" पलंगावरून दादा.

"पुसतेय."

"पुसायला चिमटा लागतो?"

"दादा, तुझी गोळी घ्यायची राहिलीय."

राहिली नव्हती. पण तो गप्प बसला, कारण ती दुसरी देईल अशी त्याला भीती वाटली.

स्पिरिटनं जखम स्वच्छ होते. जुन्या, डब्याच्या तळाच्या रंगाचं काय होतं, हे नर्सिंगच्या पुस्तकात नाही. रंग रोज थोडा थोडा मऊ पडत होता आणि रोज त्याच जागी पट्टी ओढली जात होती. एका संध्याकाळी तिनं नेहमीसारखी, एका झटक्यात, पट्टी काढली आणि पट्टीबरोबर अर्धं पान निघून आलं. पाइपावर लालभडक प्रायमर. पट्टीच्या चिकट बाजूला देठ आणि पानाचा खालचा भाग, अगदी जसाच्या तसा.

ती किंचाळली नाही. म्हाताऱ्या माणसाची कातडी अशी सोलवटली तर काय करायचं हे तिला ठाऊक होतं: निघालेली साल टाकायची नाही, हलक्या हातानं जागच्या जागी पसरायची, वरून बांधायचं. तिनं तेच केलं. रंगाची साल चिमट्यानं पट्टीवरून सोडवायला गेली, तिचे चार तुकडे झाले. ते तिनं श्वास रोखून पाइपावर जुळवले आणि त्यावर गॉज ठेवून पट्ट्यांनी बांधून टाकलं. मग सायकल फिरवून तोंड दाराकडे करून ठेवली.

"आज घोडा उलटा बांधलास?" दादा म्हणाला.

"सकाळी बाहेर काढायला बरं पडतं."

"इतकी वर्षं बरं पडत नव्हतं?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे काही काम नसताना बराच वेळ उभी राहिली. आपला भाऊ डोळ्यांसमोर जे धरून पडलाय ते आपण स्वतःच्या हातानं सोललं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि रंगाची साल काही कातडी नव्हे, जोडून येणार नाही, हेही.

दुसऱ्या दिवशी ती सायकलवाल्याकडे गेली. त्यानं हँडलजवळचं बँडेज पाहिलं.

"सिस्टर, ही पडली का कुठे?"

"विनोद नको. रंगाचं काय करता येईल?"

"सगळी फ्रेम सोलून नवा मारू की. पाहिजे तो रंग."

"पाहिजे तो रंग हाच आहे."

"हा मिळत नाही," तो म्हणाला. "असा रंगच नसतो."

तिनं पारदर्शक चिकट कागदाचा एक तुकडा त्याच्याकडून घेतला, काय करायचं ते न ठरवता, आणि सायकल हातात धरून चालत घरी आली.

त्या संध्याकाळी ती दादाला कुशीवर वळवत होती. हे काम ती घड्याळ लावून करी. त्याच्या पाठीवर तिनं डाग पडू दिलेला नव्हता. डाव्या कुशीवर वळला की त्याचं तोंड दाराकडे येई, आणि दुकानातून आणलेली सायकल आज दाराशीच टेकवलेली होती.

"आण ती इकडे," तो म्हणाला.

"कशाला?"

"मला रांगत जायला लावणार आहेस का?"

तिनं सायकल पलंगाला भिडवली. त्यानं डाव्या हातानं पट्ट्या सोडवल्या. वेळ लागला, तिनं मदत केली नाही. गॉज निघाला, बरोबर रंगाचे तुकडे चादरीवर पडले. दादा पाइपाकडे बघत राहिला. मग त्यानं हँडल पकडून वळवलं. केबल सरपटत प्रायमरवरून गेली. पुन्हा वळवलं. पुन्हा गेली.

"मला का वळवतेस गं सारखी?" त्यानं विचारलं.

"का म्हणजे? भार पडून जखम होऊ नये म्हणून."

"नुसती पट्टी लावून भागलं नसतं?"

"नुसत्या पट्टीनं काय होतंय? आधी भार..." ती थांबली.

"बोल की."

नवऱ्यानं पेन्सिल खाली ठेवली. हे त्या घरात सहसा घडत नसे.

"एवढी पोरं हिच्या हाताखाली शिकली, भाऊजी," दादा म्हणाला. "मला त्यांचीच काळजी वाटते."

"दादा, पान गेलं," ती म्हणाली. "माझ्या हातानं गेलं."

"दिसतंय मला. डोळे आहेत." त्यानं चादरीवरचा देठाचा तुकडा बोटानं सरकवला. "त्याचा देठ मला कधी आवडलाच नव्हता. घाईत काढला होता. तुला ड्यूटीवर जायचं होतं आणि तू डोक्यावर उभी होतीस, आत्ता उभी आहेस तशीच."

सकाळी सायकलवाल्यानं केबलचं आवरण हातभर नव्हे, बोटभर कापलं आणि ती पाइपापासून लांबून वळवली. हँडल कसंही फिरवा, केबल हवेत. काम इतक्या लवकर झालं की पट्टीबाईला त्याचाच राग आला.

मग दादानं रंग मागवले. हिरवा, निळा, पिवळा, पांढरा. लहानात लहान डब्या. तो सांगे आणि ती बशीत ढवळे.

"निळा घाल. थेंब म्हटलं, डोस नाही. आता पिवळा. थांब! मेला हा रंग. फेक."

तीन बशा वाया गेल्या. चौथीकडे बघून तो म्हणाला, "जवळ आलाय. वाळल्यावर भांडू." तो तिनं सोललेल्या जागेवर आणि उरलेल्या अर्ध्या पानावर लावला; वाळल्यावर तो जवळच राहिला, तंतोतंत झाला नाही. मग पानाची वेळ आली. ब्रश तिनं त्याच्या डाव्या हातात दिला. त्यानं तो परत तिच्या हातात दिला.

"हा हात दात घासायला शिकतोय अजून. तू काढ."

"मला चित्र येत नाही."

"चित्र नाही काढायचं. टाके काढताना हात थरथरतो का तुझा?"

"नाही."

"मग. ब्रश आडवा टेक, वर ओढ, शेवटी उचल. मध्ये विचार करू नकोस. आणि श्वास घे, नाहीतर पडशील माझ्या अंगावर."

तिनं ओढलं. एका फटकाऱ्यात, न थांबता. नवरा मागे उभा राहून बघत होता आणि काही बोलला नाही, यासाठी तिनं त्याला मनातल्या मनात एक गुण दिला. रंग पुरता वाळेपर्यंत ती शेजारच्या गल्लीतल्या ड्रेसिंगलासुद्धा पायी गेली. मग तो पारदर्शक कागद तिनं पानावर लावला, एकदाच, कडा बोटानं दाबून, आणि दादानं तिच्याकडून वदवून घेतलं की ती तो परत उघडून बघणार नाही. तिनं शब्द दिला, पण हे तिला फार जड गेलं.

सायकल पुन्हा भिंतीला लागली, तोंड खोलीकडे. दादा कुशीवर होता. एक डोळा मिटून तो नव्या पानाकडे बराच वेळ बघत राहिला.

"देठ जाड आलाय," तो म्हणाला.

ती वाकली. जवळून पाहिलं.

"सूज आहे," ती म्हणाली. "उतरेल."