देऊ नयेत, म्हणणारे पाच हात

मुलुंडच्या आमच्या वाचनालयात दरवर्षी वादसभा होते. सहा वर्षं मी तिची व्यवस्था पाहिली: खुर्च्या, माइक, चहा. या वर्षी समितीला सांगितलं, मला बोलायचंय. वाचनालयाचे अध्यक्ष हसून म्हणाले, "चहा-खुर्च्यांची यादी वाचून दाखवणार का?" तेव्हाच ठरवलं, जिंकायचंच.

विषय होता, दुसऱ्या महायुद्धात उतरण्याआधी अमेरिकेने ब्रिटनला शस्त्रं द्यावीत का? बोलायचं त्या काळचे अमेरिकन होऊन. पंधरा दिवस वाचून मी 'द्यावीत'चे चौदा मुद्दे काढले. 'देऊ नयेत'चे तीनच, तेही खोडून काढण्यापुरते. बाजू ऐनवेळी चिठ्ठीने ठरते, हा नियम मीच केलेला. तो मलाही लागू होईल, हे डोक्यातच आलं नाही. चिठ्ठी निघाली 'देऊ नयेत'.

शेजारची मैत्रीण म्हणाली, "वाट लागली ना तुझी?"

"गप गं. पेन दे."

आधी सभेचा कौल घेतात. माझ्या बाजूने पाच हात. नवऱ्याचाही नाही. भाषणांनंतर ज्याच्या बाजूचे हात वाढतील, तो जिंकला.

समोर आमच्याच इमारतीतले इतिहासाचे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी विचारलं, "शेजाऱ्याच्या घराला आग लागली, तर आपला पाण्याचा पाईप द्यायचा की नाही?" माना डोलल्या.

मी उठले. मुद्द्यांची यादी खुर्चीवरच राहिली.

"पाईप जरूर द्या, सर. पण तो बोटीतून जाणार. ती बोट बुडवली, की सोबतीला आपल्या युद्धनौका जाणार. त्याही बुडवल्या, की माझा मुलगा. त्याला कधी मागणार, ते आजच सांगा."

मग मला थांबवेना. मागच्या युद्धातून परत न आलेल्या मुलांबद्दल बोलले. शेवटी म्हटलं, "आणि स्वातंत्र्यासाठी लढतोय म्हणणारा हा शेजारी हिंदुस्थान कधी सोडणार, तेही विचारा." मागून कुणी तरी बाक वाजवला, मग सगळ्यांनीच.

हात दोनदा मोजले. एकवीस, नवऱ्याचा धरून. मी जिंकले होते आणि मला एका जागी उभं राहवत नव्हतं.

सर हात मिळवायला आले. "तुम्हाला खरंच असं वाटतं?"

"नाही हो. शस्त्रं द्यायलाच हवी होती."

"मग एवढ्या त्वेषाने बोललात?"

काय सांगणार. बोलत होते तोवर मला खरंच तसं वाटत होतं.