उष्टावणाचं पाणी

उष्टावणाला मामाने चांदीची वाटी द्यायची असते. मी चांदी दिली, पण फिल्टरमधून, म्हणून घरात माझी बरीच थट्टा झाली. मी शहापूरला राहतो. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर काम करतो. मातीच्या कांडीवर ते कण बसवून मी फिल्टर तयार केला आणि बहिणीकडे, वैशाखऱ्याजवळच्या गावात, थोडे दिवस आधीच लावून दिला. प्रयोगशाळेत त्याने एकही जंतू जिवंत सोडला नव्हता, त्यामुळे मी भलत्याच तोऱ्यात होतो.

तिथे उन्हाळ्यात विहीर आटते. मग ओढ्याच्या पात्रात खड्डा उकरून पाणी भरतात. काठावर ऐनाची झाडं, खाली कुजक्या पानांचा खच, आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. फिल्टर लावला तेव्हा विहिरीला पाणी होतं; आदल्या दिवशी पोचलो, तर घरात हे पाणी. फिल्टरखालचं पाणी मी तपासणीच्या बाटलीत भरलं. घाणीतले जंतू असले की ही बाटली काळी पडते. ऊब मिळावी म्हणून ती गोधडीत गुंडाळून ठेवली.

सकाळी पाहुणे जमले, पाट मांडला. मी गोधडी उघडली, तर बाटली काळी ठिक्कर! प्रयोगशाळेतलं पाणी निर्मळ, त्यात पानांचा अर्क कुठला? इथे तोच अर्क चांदीच्या कणांवर सायीसारखा चढला होता.

बाहेर बहिणीच्या सासूबाई हाक मारत होत्या, "मामा, बसा ना पाटावर! टाइम चाललाय." त्यांच्या हातात फिल्टरच्या पाण्याची वाटी होती.

"थांबा मावशी, ते पाणी नको!"

"अशा टायमाला कुनी आडवं बोलतं का?" त्या म्हणाल्या. "चांदीचं पानी ना ते?"

"चांदी आहे, पण तिच्यावर थर बसलाय. जंतूंपर्यंत ती पोचतच नाही. पाणी उकळा."

त्या पुटपुटत चुलीकडे गेल्या. मी पाटावर बसलो. बहीण भाच्याला माझ्या मांडीवर ठेवायला वाकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. उष्टावणाआधी बाळाच्या तोंडात दुधाशिवाय काही घालायचं नाही, असा त्या घरचा कडक नेम. ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली.

"दादा, परवापासून मी याला चमच्यानं तेच पाजते. केवढं ऊन हाय! घरात कुनाला नाय सांगितलं. तू केलेलं म्हनून उकळलंपन नाय."

मी भाच्याच्या कपाळाला हात लावला. गरम होतं. तेवढ्यात माझी मांडी भिजली. लंगोट सोडून बघितलं, तर जुलाब, निव्वळ पाण्यासारखा. त्याला उचलून मी मुरबाडच्या दवाखान्यात न्यायला गाडीकडे धावलो, बहीण मागोमाग. घास न भरवता मामा पाटावरून उठला, म्हणून सासूबाई मागून ओरडत होत्या, आणि बहीण त्यांना काहीच सांगत नव्हती.