दगड न झालेलं वऱ्हाड

नवीन पनवेलच्या आमच्या गच्चीवरून मलंगगडापासून चंदेरीपर्यंतची रांग दिसते. तिच्यातल्या काही सुळक्यांना नवरा-नवरी म्हणतात. सोबत भटजी आहेत, करवल्याही आहेत. लग्नाच्या वऱ्हाडाचे दगड झाले म्हणून ही नावं पडली, एवढं सगळेच सांगतात. का झाले, ते ज्याचं त्याचं वेगळं. बाबांच्या गोष्टीत मानपानावरून भांडण झालं, आधी कोणी उठायचं यावर सगळे अडून बसले, मुहूर्त टळला आणि अख्खं वऱ्हाड जागच्या जागी थिजलं. लहानपणी मला त्या नवरीचा फार राग यायचा. तिला पाय नव्हते का?

माझं लग्न घराजवळच्याच कार्यालयात होतं. सीमांतपूजनात उपरणं आधी मुलाच्या काकांना दिलं गेलं, त्याच्या मामांना नंतर. झालं! सकाळी मामा तडक वऱ्हाडाच्या बसमध्ये जाऊन बसले. मामा पाठीशी उभे राहिल्याशिवाय मुलगा बोहल्यावर चढणार नाही, असं त्याच्या आईनं निक्षून सांगितलं. बाबा दोनदा हात जोडून आले, पण व्यर्थ. मामांमागे मामी गेल्या, मग त्यांच्या मुली, जावई. बस भरायला लागली.

मी गौरीहरापुढे बसून अक्षता वाहत होते. आपला मामा न्यायला येईपर्यंत नवरीनं तिथून हलायचं नसतं. होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला, की आई ऐकत नाही, जरा थांबून बघू. थांबून बघू! मुहूर्त टळला की हे लोक निघून जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि मला हाच माणूस हवा होता, अशा वेळी थांबून बघणारा असला तरी. खिडकीतून ते सुळके दिसत होते.

मी उठले. आत्या ओरडली, अपशकुन होईल म्हणाली. मुंडावळ्या सावरत, पिवळ्या साडीच्या निऱ्या उचलून मी भर उन्हात बसमध्ये चढले. मामांनी तोंड फिरवलं. त्यांच्याच बाजूच्या काचेतून मी त्यांना डोंगर दाखवला आणि बाबांची गोष्ट सांगितली.

"गौरीहरावरून उठून आलीस?" मामांनी विचारलं.

"आले. दुसरं कोणीतरी उठेल म्हणून ती नवरी बसून राहिली, मामा. मी नाही बसणार."

त्यांनी काचेतून त्या सुळक्यांकडे पाहिलं. मी दारातच उभी होते, हलणार नव्हते. मग ते वाकले आणि सीटखाली चपला शोधू लागले.

"चल," ते म्हणाले. "मला दगड व्हायला सवड नाही."

मामा उतरले तशी सगळी बस उतरली. त्यांनी मला हाताला धरून पुन्हा गौरीहरापुढे बसवलं, माझ्या मामाला म्हणाले, आता आणा हिला, आणि स्वतः भाच्याच्या पाठीशी उभे राहायला गेले.