दरवर्षी मरणारे रेडेबाबा

शेणव्याच्या शाळेत रुजू झालो तेव्हा खोलीची कौलं चाळायला माणूस हवा होता. गावात विचारलं, तर म्हणाले, म्हैसासुराकडं जा. मला वाटलं, नव्या मास्तरची थट्टा चालली आहे. सांगितलेल्या घरी गेलो, तर ओटीवर एक सडपातळ गृहस्थ दोर वळत बसले होते आणि मागच्या भिंतीवर शिंगांचा भलामोठा मुखवटा टांगलेला होता. रेडेबाबांची माझी ती पहिली ओळख.

आमच्याकडच्या बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगं रात्रभर नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं, हे ठरलेलं. बाबांच्या घराकडे म्हैसासूर आला, त्यामुळे तरुणपणापासून ते दरवर्षी देवीच्या हातून मरत आले आहेत. इतक्या वेळा मेलेला दुसरा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. बाजारात भाजीवाल्या त्यांना "काय म्हैसासूर, वांगी देऊ?" म्हणून विचारतात, आणि बाबा राक्षसाला न शोभणाऱ्या मऊ आवाजात घासाघीस करतात.

मरण्यातही त्यांची शिस्त कडक. मुखवटा जमिनीला लागता कामा नये, म्हणून ते सगळा भार कोपरावर घेऊन पडतात. नव्या सोंगाड्यांना सांगतात, मुखवटा देवाचा, कोपर आपला. एकदा मी तापानं फणफणलो होतो, तेव्हा नाचणीची आंबील घेऊन आले आणि दिवसभर उशाशी बसून राहिले. शेताची कामं खोळंबतील म्हटलं, तर म्हणाले, "मेल्या मान्साला कसली घाई, गुरुजी?"

बोहाड्याचा एक रिवाज आहे. पडलेल्या म्हैसासुराला देवीनं त्याच्या घरच्या नावानं हाक मारून उठवायचं. तोवर त्यानं हलायचं नाही, नाहीतर राक्षस अंगातून जात नाही म्हणतात. देवीचं सोंग घेणारे बाबांचे जुने सोबती ही हाक त्यांच्या कानातच मारत; ते वारले आणि त्यांचा पुतण्या कसाऱ्याहून रजा काढून देवी झाला. त्यानं राक्षस मारला, हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच थांबला. त्याला नाव ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. सगळ्यांचे ते रेडेबाबा. त्यांनाच विचारावं, तर मेलेला माणूस बोलतो कसा? आधी हशा पिकला, मग उजाडू लागलं तसा तो विरला. बाबा पडूनच होते.

तेव्हा बायकांमधून त्यांच्या कारभारीण उठल्या. जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेली ती बाई डोक्यावरचा पदर सावरत पुढं आली आणि सर्वांदेखत म्हणाली, "काथोड, उठा आता. घरा चला."

बाबा उठले. मुखवट्याआड ते रडत होते, हे मला खांद्यांवरून कळलं.

त्या पहाटेनंतरही गावानं त्यांना रेडेबाबाच ठेवलं. गेल्या वर्षी बाबांच्या कारभारीण, आमच्या आजी, गेल्या. मुलगा लांब, सणापुरता येतो. परवा गेलो तेव्हा बाबा दोन माणसांचा भात रांधून बसले होते. यंदा सोंग घेणार ना, असं विचारलं, तर भाताच्या भांड्यावर झाकण ठेवत म्हणाले,

"पडन मी, गुरुजी. उठवील कोन?"

यंदा पंचाहत्तरी गाठलेल्या बाबांना यापुढेही उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, अशी मनापासून इच्छा आहे. पण नुसत्या इच्छेनं भागायचं नाही. वाचकहो, यंदा बोहाड्याला या, उजाडेपर्यंत थांबा, आणि म्हैसासूर पडला की देवीबरोबर तुम्हीही मोठ्यानं हाक मारा. त्यांचं नाव काथोड आहे.