आईंचे डब्लिनमधले उपास

माझ्या सासूबाई माझ्या घरात तीन महिने अर्धपोटी राहिल्या का, हे मला अजून कळलेलं नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. तिथीने परवाच झालं, पण तारीख आजची आहे म्हणून आज लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या नागपूरच्या, मी पुण्याची. एवढ्यावरून निम्मं समजलं असेल.

२०१५ च्या मेमध्ये त्या पहिल्यांदाच आमच्याकडे, डब्लिनच्या सँट्री भागात आल्या. नवऱ्याचा, निखिलचा, एकट्याचा पगार. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही. घरमालकाने नुकतंच भाडं वाढवलेलं. त्यात तूरडाळ तिकडे कडाडली तशी इकडच्या इंडियन शॉपमध्येही कडाडली.

किराणा आणि भाजीला मिळून आठवड्याचे साठ युरो. त्यात आता चौघं.

मी कुणाला काही बोलले नव्हते. आईंना तर मुळीच नाही. मुलगा डब्लिनला आयटीत आहे असं त्या अख्ख्या कॉलनीला सांगून आल्या होत्या.

पहिला आठवडा त्या छान जेवल्या. दोन पोळ्या, वर भात, आणि आमटीत गूळ घातला म्हणून टोमणा. "आमटी करून राहिली का खीर?"

मला राग आला. पण जेवल्या.

शनिवारी त्यांना घेऊन सुपरमार्केटला गेले. पैसे द्यायच्या काउंटरवर बिल जास्त झालं, म्हणून मी द्राक्षं आणि चीज काढून ठेवायला सांगितलं. काउंटरवरची बाई म्हणाली, नो बॉदर, म्हणजे काही हरकत नाही. आई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना काही कळलं नसेल असं मी धरून चालले.

सोमवारपासून उपास सुरू.

आधी नुसता सोमवार. मग गुरुवार. मग शनिवार. मध्ये चतुर्थी, एकादशी आली की तीही.

मी वैतागले. कारण साबुदाणा, भगर, दाणे, सगळं इंडियन शॉपमधून आणायचं, म्हणजे उपास जेवणापेक्षा महाग. शेवटी एकदा बोललेच, की आई, तुमच्या उपासाला पोळीभाजीपेक्षा जास्त पैसे पडतात हो.

हसत बोलले होते.

म्हणजे, मला वाटतं की हसत बोलले होते.

त्यानंतर साबुदाणा बंद. उपासाला चहा आणि एक केळं. केळी इकडे स्वस्त.

मला वाटलं, फुगल्या. निखिल म्हणाला, तिचं तसंच आहे, तू लक्ष नको देऊ.

उपास नसेल त्या दिवशीही एकच पोळी. आग्रह केला की ताटावर हात आडवा आणि "मी ग्रँड." इकडे 'नको, राहू दे' म्हणायचं असलं की आय ॲम ग्रँड म्हणतात. ते त्या नातीकडून, आमच्या रेवाकडून शिकल्या होत्या. रेवा खिदळायची. आम्हीही.

एका गुरुवारी रेवाला शाळेतून घेऊन आले, तर आई किचनमध्ये उभ्याने काहीतरी खात होत्या. बघते तर रेवाच्या सँडविचच्या कडा. सकाळी डबा भरताना मी त्या कापून ठेवायचे, कारण बाईसाहेबांना कडा चालायच्या नाहीत.

मी म्हटलं, आई, आज गुरुवार ना?

जराही दचकल्या नाहीत.

"ब्रेड आहे. इकडच्या उपासाला चालते."

निखिल घरी आल्यावर मी त्याला हे अगदी रंगवून सांगितलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मग व्हिसा संपला, त्या परत गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत. गेल्या वर्षी नागपूरला झोपेतच गेल्या.

तेराव्याच्या स्वयंपाकात मी नणंदेला, मेघाताईंना, सहज म्हणाले, आईंचे उपास फार कडक होते ना.

त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "कोणाचे उपास? आईचे? बारा वाजता ताट नाही आलं तर घर डोक्यावर घ्यायची ती. तू कोणाबद्दल बोलून राहिली?"

तेव्हापासून माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

ती द्राक्षं बघून त्यांनी उपास धरले? की माझी गुळाची आमटी टाळायला? की मी पैशांचं बोलले त्याचा राग?

रोज वेगळं उत्तर येतं. कधी त्यांचाच भयंकर राग येतो. अहो, एका शब्दाने विचारायचं ना, की घरात कमी पडतंय का.

मग वाटतं, विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? ग्रँड म्हटलं असतं.

निखिलशी हे बोलायला गेलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो.

आज त्यांच्या नावाने पान वाढायचं, म्हणून त्यांच्या आवडीचं करायला घेतलं. आणि तिथेच अडले.

त्यांना काय आवडायचं?

निखिल म्हणाला, पुरणपोळी. ती त्याला आवडते.

मेघाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, वडाभात. तो त्यांना स्वतःला आवडतो.

रेवाला विचारलं. ती आता नऊ वर्षांची आहे. थोडा विचार करून तिच्या त्या आयरिश सुरात म्हणाली, "शी ऑल्वेज सेड शी वॉजन्ट हंग्री."

मी गॅस बंद केला आणि बराच वेळ खुर्चीत बसून रडले. मग उठले आणि सगळंच केलं. पुरणपोळी, वडाभात, कढी, दोन भाज्या, कोशिंबीर. आता मला नोकरी आहे. आता परवडतं.

आई, पान वाढलंय. यातलं तुम्हाला काय आवडतं ते मला खरंच माहीत नाही. आज कुठला वार आहे तेही बघू नका.

श्रद्धांजली लोक खाली कॉमेंटमध्ये लिहितीलच.

तुम्ही आधी जेवून घ्या.