गाडीसाठी सीलबंद पाणी

त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, आणि माहीत करूनही घ्यायचं नाही. दुष्काळाच्या वर्षातली थंडीची सकाळ होती. वाळूज रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर मी गाडीत हवा भरायला थांबलो होतो. आजूबाजूला नव्या इमारतींची कामं चाललेली, त्यामुळं दव आणि सिमेंटची धूळ मिळून सगळ्यांच्या काचा बरबटल्या होत्या. शेजारच्या गाडीतून उतरून त्यानं बॉनेट उघडलं आणि काच धुण्याच्या टाकीत पिण्याच्या पाण्याची सीलबंद बाटली ओतायला लागला. लेकराला औषध पाजावं तशी, एक थेंबही न सांडता. ती संपल्यावर त्यानं दुसरी फोडली.

माझं डोकंच फिरलं. "अहो, इथं लोकांना प्यायला पाणी नाही! तो बोअरचा नळ आहे ना समोर!"

"नको काका," तो शांतपणे म्हणाला. "बोअरच्या पाण्यात लई क्षार असतात. फवारा चोक होतो. गाडीला जपावं लागतं."

पेट्रोल भरणारी बाई त्याच नळाखाली आपली बाटली भरत होती. ती वळून म्हणाली, "व्हय का? आम्ही तर हेच पितो."

तो मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, बाईनं विनोद केला.