तेहतीस नंबरचा सुळा

म्हातारं माणूस समोरून आलं की बुद्धप्रियाची नजर आधी त्याच्या तोंडात जायची. चेहरा नंतर, नाव त्याच्याही नंतर. सोलापुरातल्या त्या डेंटल कॉलेजात शेवटच्या वर्षाला पोचलेल्या सगळ्याच पोरापोरींना ही खोड लागायची. कारण कोटा. इतक्या दाढा काढायच्या, इतके दात भरायचे, आणि पूर्ण कवळीची एक केस पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातानं करायची. सरांची सही पडली तर परीक्षेला बसायचं, नाहीतर सहा महिने मागं. पेशंट मात्र ज्याचा त्यानं आणायचा. मग पोरं एसटी स्टँडवर फिरायची, बाजारात फिरायची, दोन-दोन आज्ज्या रिक्षात घालून आणायची. "गावलं का बोळकं?" असं एकमेकांना विचारायची.

बुद्धप्रिया एकदा सहा महिने मागं पडलेली होती. तिचा पेशंट म्हणजे सांगोल्याचा एक मेंढपाळ म्हातारा. तोंडाचं माप देऊन गेला तो परत उगवलाच नाही. परीक्षेला बसता येणार नाही हे कळलं त्या दिवशी ती घरी आली, चहा टाकला, दोन कपांत गाळला, एक वडलांपुढं ठेवला. वडील प्रदीप, रेल्वेत गँगमन. ते म्हणाले, "अगं, रड की जरा." रडायला पाहिजे हे तिलाही कळत होतं. आलं नाही. तसा तर प्रवेश मिळाला तेव्हा आनंदही झाला नव्हता. मेडिकलला मार्क कमी पडले, डेंटलला नंबर लागला. वस्तीतल्या बायांनी ओवाळलं, वडलांनी तिच्या नावाची पाटी रंगवून घेऊन माळ्यावर ठेवली, ती बघत राहिली. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातनं दात कोरायचे असत. तिचे दात मॅडमनी काचेच्या कपाटात मांडले. त्या कपाटासमोरून ती रोज जायची. हे आपण केलेत असं तिला एकदाही वाटलं नाही.

गुरम्मा तिला सीमेवरच्या दुधनी गावात गावली. बुद्धप्रियाच्या आईचं माहेर तिथलं, त्यामुळं तिला तोडकंमोडकं कन्नडही यायचं. गुरम्मा बाजारात कडक भाकऱ्या विकायची. सत्तरीची बाई, गिऱ्हाइकाशी भांडताना तोंड वासलं तेव्हा आत नुसत्या हिरड्या दिसल्या.

"यव्वा, कवळी बसवून देते. फुकट."

"फुकट कोण काय देतंय? कुणापैकी गं तू?"

"आमी बौद्ध."

"असशील. हात तेवडा हळू चालीव म्हंजे झालं. सगळा जल्म कडक भाकरी विकली, आन मी खाती दुधात भिजवून."

कॉलेजच्या खुर्चीत आडवी झाल्यावर, गाल बाजूला ओढल्यावर कळलं की खाली डावीकडं एक सुळा शिल्लक आहे. कॉलेजच्या भाषेत तेहतीस नंबर. बुद्धप्रियानं चिमट्यात धरून हलवला. रोवलेल्या खुंट्यासारखा, ढिम्म.

असा सुळा राखावा. खालची कवळी मुळातच लवकर सुटते, तिला या एका दाताचा मोठा आधार होतो. हे तिनं पेपरात लिहिलेलं होतं, दहापैकी आठ मार्क पडले होते. पण दात राखून केलेली कवळी पूर्ण कवळी म्हणून धरत नाहीत. कोट्यात ती नसल्यासारखीच.

शेजारच्या खुर्चीवरचा इंद्रजीत वाकून बघून म्हणाला, "काढ की. एका दातापायी अजून सहा महिने बसतीस का? मी परवा दोन काढले. हलतोय म्हणून लिही, कोण बघतंय?"

नवा पेशंट शोधून पहिल्यापासून सुरू करायला सहीच्या मुदतीत दिवस उरले नव्हते. तिनं केसपेपरवर लिहिलं, हलणारा दात. मग गुरम्माला म्हणाली, "यव्वा, हा हलतोय. काढाय लागतंय."

गुरम्मानं जिभेनं चाचपून बघितलं. "मला तर न्हाय हलल्यागत वाटत."

"आतनं हलतोय."

"बेडा. नको. तोंडात सोबतीला तेवडा एकच हाय."

"मग कवळी न्हाय व्हणार."

गुरम्मानं डोक्याखालचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "आयतु. बरं, कर तुला करायचं ते."

भुलीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं गुरम्मानं हनुवटी चाचपली. "ओठ कुटं गेला गं माजा?"

"हितंच हाय."

सुळ्याचं मूळ सगळ्यांत लांब. वीस मिनिटं लागली. बुद्धप्रियाचं मनगट भरून आलं, कपाळावरचा घाम मास्कमध्ये उतरला. आत कुठंतरी काहीतरी होईल, हात थांबेल, अशी ती वाट बघत होती. हात थांबला नाही. दात आला तो अख्खा, पांढरा, कीड नाही की डाग नाही. तिनं तो कापसाखाली सरकवला. गुरम्मानं हात पुढं केला. द्यावा लागला. तोंडात बोळा असल्यामुळं म्हातारीला बोलता येत नव्हतं. तिनं दात खिडकीकडं धरून उलटासुलटा बघितला आणि पदराच्या टोकाला बांधला.

जखम भरायला सहा आठवडे गेले. मग माप, मग मेणावर दात लावून बघणं. दर खेपेला गुरम्मा सकाळच्या गाडीनं यायची, एकदाही चुकली नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी कवळी तयार झाली.

"वरची झ्याक हाय," गुरम्मा आरशात बघून म्हणाली. "खालची नाचतीया."

"सवय व्हईल यव्वा."

"तुजी परीक्षा हाय म्हणं. पलीकडचा तो पोरगा बोलत होता."

"व्हय."

"माजा दात त्यापायी काढलास?"

बुद्धप्रिया नळाखाली तोंडात घालायचा बारका आरसा धूत होती. आरसा कधीच स्वच्छ झालेला, तरी धूत राहिली. "व्हय," ती म्हणाली.

"मग तसं सांगायचं की. मागितला असतास तर दिला असता मी."

आवाजात राग नव्हता. शेजारणीनं न विचारता विळी नेली तर बोलावं तसं बोलली, एवढंच. बुद्धप्रियानं नळ बंद केला. छातीत काही भरून येतंय का ते बघितलं. काही नव्हतं.

"तोंड मिटून बघ यव्वा," ती म्हणाली.

गुरम्मानं मिटलं, उघडलं, पिशवी काखेला मारली. "येती मी. पास हो. आन परत लागलं तर दुधनीत ये, तितं लई बोळकी हायत." आपल्याच बोलण्यावर ती हसली, आणि हसताना खालची कवळी तिनं बोटानं दाबून धरली.

बुद्धप्रिया फाईल घेऊन सरांच्या टेबलाशी गेली. सरांनी पान उलटलं. "खालची कशी बसलीय?"

दारातनं व्हरांडा दिसत होता. गुरम्मा भिंतीला हात टेकून चपला घालत होती. हाक मारली असती तर आली असती.

"छान बसलीय सर."

सरांनी सही केली. शाई ओली होती. पान मिटलं तर पुसलं जाईल म्हणून बुद्धप्रिया फाईल उघडी धरून, सहीवर फुंकर घालत तिथंच उभी राहिली.